‘गस्त वाढवा’ असं पत्र देण्याआधी

मुलुंड पूर्वेच्या एका ताईंचा प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. त्यांच्या सोसायटीच्या आसपास तीन महिन्यांत सोनसाखळी ओढून नेण्याच्या चार घटना झाल्या. चारही सकाळच्या, चारही वेळा मोटरसायकलवर दोघे जण. त्यातल्या तिघी पोलीस ठाण्यात गेल्या, चौथ्या आजी गेल्याच नाहीत. आता आठ-दहा सोसायट्या मिळून निवेदन देणार आहेत. मसुद्यात तीन मागण्या आहेत: चोवीस तास गस्त, प्रत्येक कोपऱ्यावर कॅमेरा आणि चेहरा ओळखणारी यंत्रणा. ताई विचारतात, ‘जगभर यावर इतकं संशोधन झालंय म्हणे. त्यातलं खरं उपयोगी काय, आणि आम्ही नेमकं काय मागावं?’

ताई, मी मुंबई पोलीस दलात तेहेतीस वर्षं काढली आणि पोलीस निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. बीट चौकी, गुन्हे प्रकटीकरण पथक, ठाण्याचा कारभार, सगळं केलं. संशोधन वाचायची सवय नोकरीच्या मध्यावर लागली, आणि वाचताना फार वेळा वाटलं की हे दहा वर्षं आधी हाती यायला हवं होतं. म्हणून तुमच्या प्रश्नाला सवडीने उत्तर देतोय.

आधी एक कबूल करतो. तुमच्या ठाण्यात आज किती माणसं आहेत, त्यातली किती न्यायालयात, किती बंदोबस्तात, बीटवर, म्हणजे गस्तीच्या ठरलेल्या हद्दीत, प्रत्यक्षात कोण उरतं, हे मला माहीत नाही. दहीहंडी ते अनंत चतुर्दशी या काळात कुठलाही वरिष्ठ निरीक्षक तुम्हाला ‘वाढीव माणूस देतो’ म्हणाला, तर तो दुसऱ्या कुठून तरी काढूनच देणार. त्यामुळे पुढे सांगतो ते तुमच्या भागाला जसंच्या तसं लागू होईल असं नाही. त्यामागचा विचार मात्र लागू होईल.

माझ्या मते तुमचा मसुदा ‘किती’ या शब्दावर उभा आहे. किती गस्त, किती कॅमेरे. खरा प्रश्न आहे तो कुठे, किती वाजता आणि तिथे पोचलेला पोलीस करतो काय, हा.

अमेरिकेत कॅन्सस सिटीत १९७२-७३ मध्ये एक प्रयोग झाला. शहराच्या एका भागातली पंधरा बीट घेतली. काहींमध्ये गाडीची नेहमीची गस्त पूर्ण बंद केली, बोलावलं तरच गाडी जायची. काहींमध्ये गस्त दुप्पट-तिप्पट केली, काहींमध्ये होती तशी ठेवली. वर्षभरानंतर गुन्ह्यांमध्ये, लोकांच्या भीतीत आणि पोलिसांवरच्या समाधानात म्हणण्यासारखा फरक सापडला नाही. गस्त कमी झाली की वाढली, हे बहुतेकांच्या लक्षातही आलं नव्हतं.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा राग आला होता, कारण मी स्वतः कित्येक रात्री मोबाईल व्हॅनमध्ये बसून हद्द पालथी घातली होती. मग नीट आठवून पाहिलं. त्या फेऱ्यांमध्ये मी किती चोर पकडले? फार थोडे. गाडी एका गल्लीतून जायला अर्धं मिनिट लागतं. ती गेली की गल्ली पुढचे कित्येक तास मोकळीच असते, आणि हे चोराला आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. ‘चोवीस तास गस्त’ या मागणीतून तुमच्या पदरात पडणार ती ही अर्ध्या मिनिटाची गाडी.

दुसरा धागा जास्त कामाचा आहे. गुन्हेशास्त्रज्ञ लॉरेन्स शर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्याच मिनिॲपोलिस शहरात पोलिसांना आलेले कॉल तपासले, तेव्हा शहरातल्या सुमारे ३ टक्के पत्त्यांवरून निम्मे कॉल येत असल्याचं १९८९ मध्ये पुढे आलं. म्हणजे गुन्हा शहरभर सारखा पसरलेला नसतो, ठरावीक ठिकाणी साचतो. मग शर्मन आणि डेव्हिड वाइसबर्ड यांनी अशी ११० ठिकाणं घेऊन त्यातल्या निम्म्या ठिकाणी पोलिसांची हजेरी मुद्दाम वाढवली. तिथे गडबड-गोंधळ कमी झाला. त्याच निरीक्षणांवरून क्रिस्टोफर कोपर यांनी आणखी एक बारकावा काढला: पोलीस एका जागी साधारण दहा ते पंधरा मिनिटं थांबून गेला, तर तो निघून गेल्यावरही परिणाम सर्वांत जास्त टिकतो. त्याहून जास्त थांबल्याचा तेवढा फायदा नाही, आणि गाडीतून नुसतं जाण्याचा तर नाहीच.

हे मी माझ्या हद्दीत पाहिलेलं आहे. उपनगरातल्या एका ठाण्यात असताना आमच्या खोलीत हद्दीचा मोठा नकाशा भिंतीला लावला होता. पिना निघून पडायच्या, म्हणून एका हवालदाराने बाजारातून टिकल्यांची पाकिटं आणली. लाल टिकली सोनसाखळीची, काळी घरफोडीची. प्रत्येक टिकलीशेजारी पेन्सिलने वेळ लिहायची. दोन-अडीच महिन्यांत दिसलं की लाल टिकल्या दोन रस्त्यांवर जवळपास एकमेकींना चिकटल्यात आणि वेळा सकाळी सव्वासहा ते साडेसातच्या आतल्या. आमची पाळी बदलायची आठला. रात्रभर जागलेली माणसं साडेसहापासूनच ठाण्याकडे वळायची. डायरीच्या नोंदी असायच्या, गाडीत डिझेल भरायचं असायचं, आणि डोळे मिटत असायचे. दिवसपाळीचे अजून लोकलमध्ये. सकाळी फिरायला, दुधाला, देवळात जाणाऱ्या बायका रस्त्यावर यायच्या नेमक्या त्याच तासात आमचे रस्ते रिकामे असायचे. ते दोघे मोटरसायकलवाले आमचं वेळापत्रक आमच्याहून नीट वाचत होते.

आम्ही माणूस एकही वाढवला नाही. दोन बीट मार्शलना, म्हणजे मोटरसायकलवरून गस्त घालणाऱ्या शिपायांना, सव्वासहा ते पावणेआठ एवढा वेळ बाकी सगळ्या कामातून मोकळं केलं. दुधाच्या केंद्राजवळ पंधरा मिनिटं, मग देवळाच्या वळणावर, मग बागेच्या मागच्या फाटकाशी, आणि क्रम रोज बदलायचा. मोटरसायकलवर बसून राहायचं नाही, उतरायचं. दूधवाल्याशी, वृत्तपत्रवाल्या पोराशी बोलायचं. ठरावीक वेळी एकच मोटरसायकल दोन-तीनदा दिसली का, एवढंच विचारायचं. आठवड्याभरात वृत्तपत्रवाल्या पोराने हेल्मेटचा रंग आणि नंबरप्लेटला लावलेली काळी चिकटपट्टी, एवढी माहिती दिली. पुढची साखळी ओढली गेली तेव्हा त्याच माहितीचा उपयोग झाला.

फिलाडेल्फियात २००९ च्या उन्हाळ्यात असंच झालं होतं. सर्वाधिक हिंसक गुन्ह्यांच्या साठ ठिकाणी नव्या शिपायांना पायी गस्तीला लावलं. तुलनेच्या ठिकाणांपेक्षा तिथे हिंसक गुन्हे २३ टक्क्यांनी कमी झाले. पण गस्त थांबल्यावर परिणाम ओसरला, हेही त्याच संशोधकांनी नोंदवलंय. त्याआधी नेवार्कमध्ये पायी गस्तीने गुन्हे फारसे घटले नव्हते, लोकांची भीती मात्र कमी झाली होती. फरक जागेच्या निवडीत होता. सगळीकडे थोडं थोडं चालण्यापेक्षा नेमक्या जागी चालणं कामाला आलं.

यावर हमखास येणारी शंका: मग चोर शेजारच्या रस्त्यावर जाणार नाही का? थोडेफार जातात. पण हा प्रश्न वारंवार तपासला गेलाय, आणि बहुतेक वेळा शेजारच्या भागालाही थोडा फायदाच झालेला दिसतो. कारण चोराला कुठलाही रस्ता चालत नाही. त्याला तीन गोष्टी एकत्र लागतात: अंगावर सोनं असलेली एकटी व्यक्ती, आसपास कोणी नाही अशी वेळ, आणि पळायला सोपा मार्ग.

पळायच्या मार्गावर थोडा थांबतो, कारण तुमच्या भागाचं खरं दुखणं तिथे आहे. मुलुंड पूर्वेहून मोटरसायकल काही मिनिटांत पूर्व द्रुतगती महामार्गाला लागते. उत्तरेला गेली की ठाणे पोलीस आयुक्तालय, ऐरोली पूल ओलांडला की नवी मुंबई आयुक्तालय. म्हणजे तीन आयुक्तालयं तुमच्या उंबरठ्यावर भेटतात. अशा गुन्ह्यात मोटरसायकल बहुधा चोरीची असते. ती एका हद्दीत चोरायची, दुसऱ्या हद्दीत वापरायची, तिसऱ्या हद्दीत टाकून द्यायची. तिन्ही हद्दींची माहिती रोज सकाळी एका टेबलावर आली नाही, तर प्रत्येक ठाण्याला आपापला एक तुकडाच दिसत राहतो. तुमच्या निवेदनात याचा उल्लेख नाही. तो सर्वांत वर घ्या. गल्लीत चार शिपाई वाढण्यापेक्षा, घटना कळल्यापासून पाच मिनिटांत महामार्गाच्या तोंडाशी आणि पुलाच्या अलीकडे वायरलेसवरून वर्णन पोचणं जास्त मोलाचं आहे. म्हणून घटना घडल्याक्षणी ११२ वर फोन. आधी घरी, मग मुलाला, मग सोसायटीच्या ग्रुपवर, मग पोलिसांना, असा क्रम मी असंख्य वेळा पाहिला. तोवर वीस मिनिटं गेलेली असतात आणि मोटरसायकल खाडीपार असते.

आता कॅमेरे. मुंबईत २०१६ मध्ये शहरभराची सीसीटीव्ही योजना सुरू झाली, पहिल्या टप्प्यात सुमारे ४,७०० कॅमेरे होते. तपासाला त्याचा मोठा आधार झाला, हे मी अनुभवाने सांगतो. पण ‘कॅमेरा लावला की चोरी थांबते’ हे अर्धसत्य आहे. चाळीस वर्षांच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कॅमेरे असलेल्या भागांत गुन्हे सरासरी १३ टक्क्यांनी कमी दिसले. सर्वांत चांगला परिणाम वाहनतळांवर होता. हिंसक गुन्ह्यांवर ठळक परिणाम आढळला नाही. आणि जिथे कोणी पडद्यासमोर बसून लक्ष ठेवत होतं, तिथे परिणाम जास्त होता. तुमच्या सोसायटीत पडद्यासमोर कोण बसणार आहे, हा प्रश्न सभेत विचारा.

तरीही कॅमेरे असू द्या. आहेत ते नीट करा, एवढंच म्हणणं आहे. एकदा सकाळी पावणेसातच्या घटनेचं चित्रीकरण मिळवायला आम्ही एका इमारतीत गेलो. पडद्यावर पावणेसातला रिकामा रस्ता. पुढे-मागे करून दीड तास घालवला. शेवटी माझ्या शिपायाने पडद्यावरची वेळ आणि भिंतीवरचं घड्याळ ताडून पाहिलं, तर यंत्र चाळीस मिनिटं मागे होतं. चित्र मिळालं, पण कॅमेरा इतक्या उंचावर आणि फाटकाकडे रोखलेला, की हेल्मेटच्या टोपणाशिवाय काही दिसत नव्हतं. दुसऱ्या सोसायटीत रेकॉर्डिंग पंधरा दिवसांनी आपोआप पुसलं जात होतं आणि आम्ही सतराव्या दिवशी पोचलो होतो. तेव्हा यंत्राची वेळ दर महिन्याला तपासा, निदान एक महिन्याचं रेकॉर्डिंग टिकेल एवढी जागा ठेवा, आणि एक तरी कॅमेरा माणसाच्या उंचीजवळ, रस्त्याकडे, येणाऱ्या वाहनाची नंबरप्लेट दिसेल असा लावा. चित्रीकरण न्यायालयात टिकायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. सोसायटीत ते द्यायला कोण तयार आहे, ते आधीच ठरवा. ऐनवेळी सचिव म्हणतात ‘मला कोर्टाच्या भानगडीत नको’, आणि चांगला पुरावा कपाटात पडून राहतो.

चेहरा ओळखणाऱ्या यंत्रणेची मागणी मात्र मसुद्यातून काढा, अशी मनापासून विनंती आहे. पहिलं कारण साधं आहे: तुमचे चोर हेल्मेट घालून येतात. दुसरं कारण गंभीर आहे. २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिम्नित गेब्रू या संशोधकांनी काही प्रचलित यंत्रणा तपासल्या. चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष एवढंच सांगायचं होतं. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक एका टक्क्याच्या आत, आणि सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ती ३४ टक्क्यांपर्यंत. २०२० मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटजवळ एका माणसाला अशाच चुकीच्या जुळणीवरून त्याच्या घरासमोर, बायको-मुलींच्या देखत अटक झाली. यंत्रणा सुधारत असतील. पण मी तेहेतीस वर्षांत पाहिलंय की एकदा एखाद्यावर बोट ठेवलं गेलं, की त्यानंतरचा सगळा तपास त्या बोटाच्या दिशेने सरकतो. संगणकाने ठेवलेलं बोट तर कोणी मागे घ्यायलाच तयार नसतं. ज्या पोराचं नाव नोंदीत आलंय, तो दर वेळी उचलला जातो. त्याची आई ठाण्याच्या पायरीवर दिवसभर बसून असते. ते दृश्य ज्याने पाहिलंय, तो अशी मागणी सहज करणार नाही.

गुन्हा कुठे होईल याचं भाकीत करणाऱ्या संगणकीय पद्धतींनाही हेच लागू आहे. लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी अशी एक प्रणाली काही वर्षं वापरून २०२० मध्ये बंद केली. अडचण अशी, की यंत्र जुन्या नोंदींवर शिकतं, आणि नोंदी तिथेच जास्त असतात जिथे पोलीस जास्त जातात. मग यंत्र पुन्हा तिथेच पाठवतं. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये ‘मार्व्हल’ ही कंपनी पोलिसांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचं काम करायला उभी केली आहे. तपासातली कागदपत्रं चाळणं, सायबर फसवणुकीत पैसे कोणत्या खात्यातून कुठे गेले ते जुळवणं, अशा कामांत यंत्राची मदत व्हावी असं मलाही वाटतं. तुमच्या रस्त्यासाठी मात्र नकाशा आणि टिकल्याच पुरतील, फक्त त्या खऱ्या असायला हव्यात.

खऱ्या म्हणजे काय, ते सांगतो. माझ्या नोकरीतली मला सर्वांत जास्त सलणारी गोष्ट हीच आहे. एका ठाण्यात असताना वरून तोंडी सूचना असायची: ‘यंदा आकडा मागच्या वर्षापेक्षा वर जाता कामा नये.’ मग साखळी ओढल्याची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला ‘गहाळ’ म्हणून दाखला दिला जायचा. चोरीचा गुन्हा झाला की तपास आला, मासिक बैठकीत उत्तर द्यावं लागलं. गहाळ झालं की कागद संपला. मी त्यावर सह्या केल्या आहेत. त्या ठाण्याच्या नकाशावर टिकल्या कमी होत्या आणि बैठकीत आमचं कौतुक व्हायचं. चोर मात्र त्याच वळणावर उभा होता, आणि नकाशावर ते वळण नसल्यामुळे तिथे आमचं कोणी नव्हतं. पुढे त्याच वळणावर एक बाई फरफटत गेल्या आणि त्यांचा खुबा मोडला. मी तेव्हा सही केली नसती, तर तिथे एक शिपाई उभा असता का? मला आजही असंच वाटतं, की असता.

म्हणून तुमच्या चौथ्या आजींना ठाण्यात घेऊन जा. साखळी खोटी होती, चारच ग्रॅमची होती, आता मिळायची नाही, असं त्या म्हणतील. त्यांना सांगा की ही नोंद साखळीसाठी करायची नाही, नकाशासाठी करायची आहे. कायदा त्यांच्या बाजूने आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ३०४ मध्ये हिसकावून नेणं हा स्वतंत्र गुन्हा झालाय. तो दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना थेट तपास करता येतो, आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे. ओढताना इजा केली असेल तर कलम ३०९ ची जबरी चोरी लागू शकते. म्हणून मानेवर वळ असेल, कोपर खरचटलं असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा आणि त्याची नोंद करून घ्या. दखलपात्र गुन्हा कळला की एफआयआर नोंदवायचीच, हे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी प्रकरणात २०१३ मध्ये स्पष्ट केलंय. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे घटना कुठल्याही हद्दीत घडलेली असो, माहिती घ्यावी लागते. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. एफआयआरची प्रत फुकट मिळते. कोणी नोंदवायला नकार दिला तर लेखी तक्रार पोलीस उपायुक्तांकडे पाठवता येते. आणि तपास कुठवर आला हे फिर्यादीला नव्वद दिवसांच्या आत कळवायचं आहे. ही तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि त्या दिवशी विचारा.

चार एफआयआर झाल्या की तुमच्या भागात चार लाल टिकल्या लागतील, आणि तुमच्या निवेदनाला कोणी ‘ऐकीव’ म्हणू शकणार नाही.

आता अशी एक गोष्ट, जिला आम्ही पोलीसच फार काळ कमी लेखत आलो. टॉम टायलर या अमेरिकी अभ्यासकाने १९९० पासून मांडलंय की लोक कायदा पाळतात, पोलिसांना मदत करतात, ते मुख्यतः शिक्षेच्या भीतीने नाही. आपलं म्हणणं ऐकून घेतलं गेलं, वागणूक निष्पक्ष होती, मान राखला गेला, असं वाटलं तर ते पुढे येतात. हे वाचताना मला एक सकाळ आठवली. सत्तरीच्या एक बाई ठाण्यात आल्या होत्या, गळ्याभोवती लाल वळ, हातात तुटलेल्या साखळीचा तुकडा घट्ट धरलेला. ठाणे अंमलदाराने मान वर न करता विचारलं, ‘सोन्याची पावती आणलीय का?’ बाई गप्प झाल्या. अंगावरची साखळी चाळीस वर्षांपूर्वीची, पावती कुठून आणणार. दहा मिनिटं त्या ‘काही आठवत नाही’ एवढंच म्हणत होत्या. मग नुकत्याच भरती झालेल्या एका महिला शिपायाने त्यांना आतल्या खोलीत बसवलं, पाणी दिलं, घरी फोन लावून दिला आणि म्हणाली, ‘आजी, घाई नाही. आधी चहा घ्या.’ अर्धा चहा झाला असेल. बाई म्हणाल्या, ‘मागे बसलेला डावखुरा होता. डाव्या हाताने ओढली, आणि त्याच्या अंगठ्याचं नख काळं पडलेलं होतं.’ आमच्या पथकातल्या एकाला त्या नखावरूनच नाव सुचलं. पावतीचा प्रश्न चुकीचा नव्हता, मुद्देमालाची ओळख पटवायला तो लागतोच. पण तो पहिला प्रश्न नव्हता.

आपल्याकडचं संशोधनही हेच सांगतं. राजस्थानात १६२ पोलीस ठाण्यांमध्ये अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोलिसांबरोबर एक मोठा प्रयोग केला. बदल्या थांबवणं, प्रशिक्षण, साप्ताहिक सुट्टी आणि कामाची आलटपालट, ठाण्यात बसणारे नागरिक निरीक्षक, असे वेगवेगळे उपाय करून पाहिले. फरक पडला तो प्रशिक्षणाने आणि बदल्या थांबवल्याने. बाकीचे उपाय फसले, कारण ते रोज राबवणं ठाणेप्रमुखाच्या मर्जीवर होतं आणि ते टिकलं नाही. मध्य प्रदेशात १८० ठाण्यांमध्ये महिला मदत कक्षांचा अभ्यास झाला, तो २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. कक्ष असलेल्या ठाण्यांत महिलांच्या तक्रारी जास्त नोंदवल्या गेल्या. तुमच्या चारही फिर्यादी महिला आहेत, म्हणून जबाब महिला अंमलदाराने घ्यावा अशी विनंती निवेदनात जरूर घाला.

पोलिसाच्या बाजूनेही दोन शब्द लिहिले पाहिजेत. २०१९ च्या एका देशव्यापी पाहणीत पोलीस कर्मचारी दिवसाला सरासरी १४ तास काम करतात असं दिसलं होतं. चौदा तास उभ्या असलेल्या माणसाकडून ‘आधी चहा घ्या’ हे वाक्य येणं अवघड असतं. मुंबईत मे २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांची पाळी सुरू झाली. तिची आखणी त्याच ठाण्यातल्या एका शिपायाने केली होती आणि तेव्हाचे आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी ती उचलून धरली. पुढे ती इतर ठाण्यांत गेली. सण, सभा, बंदोबस्त आला की ती कोलमडते, हे मुंबईकराला सांगायला नको. तरी तो माझ्या काळातला सर्वांत चांगला बदल मी मानतो. तेव्हा ‘चोवीस तास गस्त’ मागताना त्या चोवीस तासांत उभा राहणारा माणूसही डोळ्यांसमोर आणा.

तुम्ही ‘पोलीस मित्र’ म्हणून तरुणांनी पहाटे फिरावं का, असंही विचारलंय. फिरू द्या, पण काठी न घेता आणि कोणालाही न अडवता. पाहायचं, वेळ लिहायची, ११२ ला सांगायचं. अशा उत्साहात पहिला मार कोणी खाल्लेला मी पाहिलाय? कचरा वेचणाऱ्या पोराने.

लोकांना सोबत घेण्याचा आपल्याकडचा वारसा मोठा आहे. पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी १९८८ नंतर भिवंडीत मोहल्ला समित्या बांधल्या, आणि १९९२-९३ मध्ये मुंबई पेटलेली असताना दंगलींचा इतिहास असलेली भिवंडी शांत राहिली. त्या दंगलींनंतर मुंबईतही सतीश साहनी आयुक्त असताना, निवृत्त पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो यांच्यासारख्यांच्या पुढाकाराने मोहल्ला कमिट्या उभ्या राहिल्या. पण नुसती समिती नेमून भागत नाही. पाकिस्तान, युगांडा, ब्राझीलसह सहा देशांत अशा उपक्रमांची एकत्र चाचणी झाली. निष्कर्ष २०२१ मध्ये आले: विश्वास वाढला नाही, गुन्हेही घटले नाहीत. अधिकारी बदलत राहिले, वरिष्ठांचं लक्ष टिकलं नाही, आणि लोकांनी सांगितलेल्या गोष्टींवर कृती करायला माणूस-पैसा नव्हता. भिवंडीत समितीत शिपाई स्वतः बसायचा आणि आपल्या वस्तीची जबाबदारी घ्यायचा. सगळा फरक तिथे होता.

तर निवेदन नव्याने लिहायचं झालं, तर मी असं लिहीन. सोबत हाताने काढलेला रस्त्यांचा नकाशा, त्यावर चार खुणा आणि वेळा. पहिली विनंती: सकाळच्या त्या दीड तासात या तीन ठिकाणी बीट मार्शलनी दहा-पंधरा मिनिटं उतरून थांबावं, क्रम बदलता ठेवून, निदान तीन महिने. दुसरी: महामार्ग आणि ऐरोली पुलाच्या दिशेने तातडीचा संदेश कसा जातो, ठाणे आणि नवी मुंबईशी अशा गुन्ह्यांची माहिती कशी जुळवली जाते, हे कळावं. तिसरी: बीटचा अंमलदार शक्यतो बदलू नये, आणि त्याने महिन्यातून एकदा अर्धा तास आमच्याबरोबर बसावं. आमच्याकडून: कॅमेऱ्यांची वेळ बरोबर ठेवू, रेकॉर्डिंग महिनाभर जपू, प्रमाणपत्राला माणूस देऊ. असं पत्र घेऊन कोणी माझ्यासमोर बसलं असतं, तर मी त्याच दिवशी हजेरीच्या वेळी नेमणूक बदलली असती, कारण त्यात मला जे द्यायला सांगितलंय ते माझ्या हातात होतं.

आणि आजींना एक सांगाल? पुन्हा कोणी ओढलीच तर साखळी धरून ठेवू नका. हात सोडा, खाली बसा, ओरडा.

चारही घटनांच्या नेमक्या वेळा, वार, आणि मोटरसायकल कोणत्या बाजूला वळली, हे मिळेल तेवढं इथे लिहा. घरांचे पत्ते, नावं लिहू नका, फक्त रस्ता. मी कागदावर मांडून पाहतो आणि थांबायच्या जागा कोणत्या असाव्यात ते सांगतो.